कचरूमामांची बाटली

माझ्या कार्यक्रमाचं नाव चुकलं आहे, हे कचरूमामांनी मला पहिल्याच भेटीत सांगितलं. कार्यक्रम म्हणजे पॉडकास्ट. शाळेतली नोकरी संपली, बोलायला समोर वर्ग उरला नाही, म्हणून मी एक मायक्रोफोन विकत घेतला आणि सिडकोतल्या आमच्या फ्लॅटच्या मागच्या खोलीत, भिंतींना गोधड्या टांगून बोलत बसले. आहार, श्वास, झोप, मनःशांती असे विषय. नाव ठेवलं होतं 'बरं आहे ना?'. मला ते फार आवडलं होतं. आपुलकीचं वाटायचं.

"आजाऱ्याला असं इचारू नाय ताई," मामा म्हणाले. "असं इचारलं की त्याला व्हय म्हणावं लागतं."

तीस वर्षं मुलांच्या वह्यांवर लाल शेरे मारलेली बाई मी. माझ्या वहीवर कुणी शेरा मारलेला मला खपत नाही. पण तो शेरा मी खपवून घेतला, कारण तो खरा होता.

आमच्या वरच्या मजल्यावर एक म्हातारे उर्दू शिक्षक राहत. सगळे त्यांना मास्टरसाब म्हणत. ते अंथरुणाला खिळले तेव्हा त्यांच्या मुलानं देखभालीला माणूस ठेवला, ते कचरूमामा. दवाखान्यात काम करणाऱ्या बायांना आपण मावशी म्हणतो आणि पुरुषांना मामा, तसे हे मामा. बारा-तेरा वर्षं एका दवाखान्यात काढली आणि मग घरोघरी जाऊ लागले. जे बरे होणार नाहीत हे घरातल्या सगळ्यांना कळलेलं असतं आणि कुणी बोलत नसतं, अशा आजाऱ्यांकडे. अंग पुसायचं, कूस बदलायची, पाठीला जखमा होऊ द्यायच्या नाहीत, घास भरवायचा आणि बसून राहायचं. शेवटचं काम सगळ्यात अवघड असतं असं ते म्हणत.

उंच, वाळलेले, रंगानं रापलेले. अंगात दवाखान्यातला जुना निळा सदरा आणि खांद्यावर बारा महिने काळी घोंगडी. मे महिन्यात सुद्धा. ती घोंगडी खाटेशेजारी जमिनीवर टाकून ते बसत. आजाऱ्याच्या खाटेवर ते कधी बसले नाहीत, खुर्ची दिली तरी घेतली नाही. "आपण वर बसलो की त्याला मान वर करावी लागती. मान दुखती त्याची," एवढंच कारण.

माणूस देवगाव रंगारीकडचा, मेंढरं राखणाऱ्या घरातला. नावाची गोष्ट त्यांनी मला पहिल्या ध्वनिमुद्रणातच सांगितली. "माझ्या आधीची दोन गेली. तिसरा मी. आईनं मला उकिरड्यावर ठिवलं आन् परत उचाललं, नाव ठिवलं कचरू. यमाला वाटावं, हे फेकलेलंच हाय. साठ वर्सं झाली, त्याला अजून तसंच वाटतंय."

मी मायक्रोफोनसमोर हसले ते थांबेचना. तोवर माझ्याकडे आलेले पाहुणे म्हणजे योगशिक्षिका, आहारतज्ज्ञ आणि एक गृहस्थ जे सकाळी कोमट पाणी पिण्यावर पाऊण तास बोलले. त्यांच्या बोलण्यातला एक शब्द मला आठवत नाही.

तो पहिला भाग मी मोठ्या हौसेनं तयार केला. संगणकावर आवाजाची रेघ दिसते, तीत बोलणं म्हणजे डोंगर आणि गप्प बसणं म्हणजे सपाट पट्टी. मी सगळ्या सपाट पट्ट्या कापून टाकल्या. ऐकणाऱ्याला कंटाळा येतो ना. मग मामांना बोलावून ऐकवलं. ते डोळे मिटून ऐकत राहिले आणि शेवटी म्हणाले, "ह्यात मी लई शहाणा वाटतोय."

"मग चांगलंच आहे की."

"मी एवढं भराभरा बोललो नव्हतो ताई. मधी थांबलो होतो. थांबलो तवा मला म्हाईत नव्हतं, फुडं काय म्हणायचं."

मी चिडून सगळं पुन्हा जोडलं. दोन दिवस लागले. तो भाग माझ्या आधीच्या सगळ्या भागांपेक्षा जास्त लोकांनी ऐकला. मग मामा पाहुणे न राहता महिन्यातून दोनदा येऊ लागले.

दुष्काळाचं वर्ष होतं ते. शहराच्या पाट्यांवर तेव्हा अजून औरंगाबाद होतं आणि नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी यायचं. टँकरचा भोंगा वाजला की आमच्या इमारतीतली शिकली-सवरलेली माणसं बादल्या घेऊन जिन्यात एकमेकांना ढकलायची. एकदा मुद्रण ऐन रंगात होतं. मरणाऱ्या माणसाला शेवटी कशाची भीती वाटते, असं मी विचारलं होतं आणि मामा उत्तर जुळवत होते. तेवढ्यात खाली भोंगा वाजला. मामा ताडकन उठले.

"मामा, उत्तर?"

"मरण थांबतंय. टँकर थांबत नाय," म्हणाले आणि माझ्याच दोन बादल्या घेऊन खाली पळाले. मास्टरसाबांच्या घरचं भरलं, माझं भरलं, तळमजल्यावरच्या एकट्या राहणाऱ्या बाईंचं भरलं. वर आले तेव्हा सदरा भिजलेला. मायक्रोफोनसमोर बसून म्हणाले, "भीती मरणाची नसती. आपलं ओझं झालंय का, ह्याची असती." आणि सदरा पिळायला न्हाणीघरात गेले.

देवाधर्माचं त्यांचं एक वेगळंच होतं. खिशात खंडोबाच्या भंडाऱ्याची पुडी असायची. रोज सकाळी स्वतःच्या कपाळाला लावायचे, पण आजाऱ्यानं मागितल्याशिवाय त्याला कधी लावला नाही. मास्टरसाबांची खाट त्यांनी दोनदा हलवली. एकदा त्यांच्या सुनेला विचारून, तोंड कुठल्या दिशेला हवं ते. दुसऱ्यांदा मास्टरसाबांनीच सांगितलं, "मामा, मेरेकू खिडकी की तरफ करो. इधर से अज़ान बराबर सुनती नै." मास्टरसाब गेले त्या दुपारी मामा जिन्यात बसून रडले. मी म्हटलं, तुम्हाला तर सवय असेल. ते म्हणाले, "सवय कूस वळवायची हाय ताई, अंग पुसायची हाय. जाण्याची कशी व्हईल?"

या माणसानं पंधरा वर्षं दारू प्यायली होती, हे ते स्वतःच सांगत. आधीच्या एका दुष्काळात त्यांच्या वडिलांनी कळप विकला. चारा नव्हता, पाणी नव्हतं. "दुसऱ्या दिवशी उठलो तर कानाला कायच नाय," ते म्हणाले होते. "जलमल्यापासनं मेंढरांचा आवाज. सकाळी एकदम कान रिकामे. त्या दिवशी पयल्यांदा प्यालो." मग शहर, इमारतींची कामं, पडेगावात पत्र्याची खोली, आणि रोजची बाटली.

आई त्यांच्याजवळ राहायची. ती आजारी होती, पाणी मागत होती आणि हे दुकानावर होते. परत आले तेव्हा ती गेलेली. शेजारणी तिच्या मिटलेल्या तोंडात गंगाजल घालत होत्या आणि ते ओठांवरून खाली ओघळत होतं. "मेल्यावर पाणी घालायला आख्खी गल्ली आली ताई. मागत हुती तवा एक जण नव्हता. एक जण म्हंजी मी." त्यानंतर ते प्यायले नाहीत. पण दारू सोडली असं कधी म्हणत नसत. "मोठ्यानं म्हणू नाय. तिला ऐकू जातं." आज पीत नाय, एवढंच म्हणायचं.

दारूचं दुकान त्यांच्या घरून रस्त्याला लागायच्या वाटेवर होतं. सतरा वर्षं ते त्या वाटेनं गेले नाहीत. मागून, नाल्याच्या कडेनं, पाऊण मैलाचा वळसा घालून जात.

रविवारी सकाळी पडेगावात एका लिंबाखाली त्यांची बैठक असे. प्यायचं थांबवू पाहणारी माणसं. संस्था नाही, फलक नाही, पावती नाही. आजूबाजूच्या शेतांचे प्लॉट पडलेले, चुना लावलेले दगड रोवलेले, आणि ही माणसं त्या दगडांवर बसून बोलायची. एखाद्या प्लॉटवर बांधकाम सुरू झालं की पुढच्या दगडांवर सरकायची. मी दोनदा मायक्रोफोन घेऊन गेले. तेरा-चौदा जण असायचे. कुणी रिक्षावाला, कुणी गवंडी, एक तर चांगला कारकून. त्यांच्यात रावसाहेब नावाचा टँकरचा ड्रायव्हर होता. तिशीतला, दांडगा, लाजरा. सात महिने झाले होते त्याला. मी विचारलं, कसं जमवलंस? तर मामांकडे बोट दाखवून म्हणाला, "सांजच्याला लई ओढ लागली की मी ह्यांना आठवतो. म्हणतो, एक माणूस तर हाय."

त्या 'एक माणूस तर हाय'मुळे पुढचं सगळं घडलं.

पडेगावातच एक सर्जेराव अप्पा होते. नाव बदललं आहे. मोठे जमीनदार, रस्त्याकडेची जमीन विकून बंगला बांधलेले. अप्पांचं पिणं आख्ख्या पंचक्रोशीला माहीत होतं. त्यांच्या बायकोनं, काकूंनी, नवस बोलून पायात चप्पल घालणं बंद केलं. यांची सुटेपर्यंत घालणार नाही म्हणून. उन्हाळ्यातल्या डांबरी रस्त्यावरून ती बाई सहा वर्षं अनवाणी चालली. शेवटी अप्पांनी गळ्यात तुळशीची माळ घातली, त्या दिवशी काकूंनी चप्पल घातली. हे मी सांगते आहे ते काकूंच्या तोंडून ऐकलेलं आहे. त्यांच्या आयुष्यातली ती एकच कमाई होती आणि ती त्या सगळ्यांना सांगत.

दोन वर्षांनी अप्पांचं यकृत गेलं. दवाखान्यानं घरी पाठवलं. घरी तपासायला येणारे डॉक्टर म्हणाले, आता मागतील ते द्या. घरच्यांनी त्याचा अर्थ पुरणपोळी, श्रीखंड असा घेतला. देखभालीला कचरूमामा होते.

एका दुपारी काकू देवळात गेल्या होत्या, सून स्वयंपाकघरात होती. अप्पांनी मामांचा हात धरला आणि म्हणाले, "कचरू, एक घोट."

पुढचं मामांनी मला सांगितलं ते असं.

"मी म्हनलो, पाणी देऊ? तर मान हालवली. मी म्हनलो, अप्पा, माळ हाय गळ्यात. तर म्हनले, काढून ठिव, परत घाल. डोळ्यात पाणी. एवढा मोठा माणूस. म्हनले, हिला सांगू नको, हिचे पाय भाजलेत माझ्यापायी. मी लई येळ बसलो ताई. मला आई दिसाय लागली. मागतोय तवर गिळता येतंय. उद्या आपण देऊ आन् वघळून जाईल. मग उठलो."

सतरा वर्षांनी ते समोरच्या वाटेनं गेले. दुपारची वेळ, दुकानापुढं रांग. रांगेत उभे राहिले. निळा सदरा, खांद्यावर घोंगडी, लपण्यासारखं काहीच नव्हतं. बाटली घेतली, घोंगडीत गुंडाळली, परत आले. अप्पांची माळ काढून उशाशी ठेवली. कापसाचा बोळा भिजवला आणि ओठांना लावला. तीनदा. अप्पांनी चोखलं, डोळे मिटले आणि म्हणाले, "बास." मामांनी ओलं फडकं फिरवून त्यांचं तोंड पुसलं, माळ परत घातली.

"आणि बाटली?" मी विचारलं होतं.

"जवळजवळ भरल्याली. मागच्या दारी घेऊन गेलो. आळ्यात वतताना वास आला. तिथंच मटकन खाली बसलो ताई. हातात निम्मी राहिली हुती. किती येळ बसलो म्हाईत नाय. मग वतली."

दुसऱ्या दिवशी दुपारी अप्पा गेले. काकूंनी तोंडात तुळशीचं पान ठेवलं.

आता रावसाहेब. त्या दुपारी तो टँकर घेऊन त्याच रस्त्यानं पडेगावच्या वस्तीत पाणी टाकायला चालला होता. टँकरची केबिन उंच असते. त्यानं वरून पाहिलं, रांगेत मामा. त्याला खरं वाटेना म्हणून गाडी बाजूला घेऊन थांबला. मामांनी बाटली घोंगडीत गुंडाळलेली पाहिली. पुढची खेप त्यानं पिऊन केली. वळणावर टँकर रस्ता सोडून खड्ड्यात गेला आणि कलंडला. माणूस कुणी दुखावलं नाही, पण सगळं पाणी वाहून गेलं आणि हंडे घेऊन वाट बघणारी वस्ती ते बघत राहिली. नोकरी गेली. रावसाहेब मग रोजच पिऊ लागला.

रविवारी लिंबाखाली सगळे जमले ते मामांना जाब विचारायलाच. मी तिथं होते, अप्पा गेल्याचं कळून काकूंना भेटायला निघाले होते आणि वाटेत थांबले होते. कारकुनानं विचारलं, "मामा, दुकानात दिसला म्हणतेत तुम्ही?"

"व्हय, होतो."

"बाटली घेतली?"

"घेतली."

"कशापायी?"

"ते नाय सांगणार."

मी इतकी वर्षं मुलांच्या थापा ऐकल्या आहेत. थाप मारणं किती सोपं असतं हे मला पक्कं माहीत आहे. औषधाला लागत होती, मालिशला लागत होती, कुणा डॉक्टरनं मागवली होती, काहीही म्हणता आलं असतं. पण कचरूमामांना खोटं बोलता येत नसे. आजाऱ्याला देखील ते कधी 'व्हाल बरे' म्हणाले नाहीत. मग एकच उरतं, गप्प बसणं. माणसं एकेक करून उठली. एकानं जाता जाता दगडावरची धूळ झटकल्यासारखे हात झटकले. शेवटी मामा आणि मी.

"मामा, तुम्ही प्यालात?" मी विचारलं. मलाही शंका आली होती, हे लपवत नाही.

"मशिन हाय का घरी?" ते म्हणाले.

मग त्याच दुपारी त्या गोधड्यांच्या खोलीत बसून त्यांनी हे सगळं सांगितलं. सव्वा तासाचं मुद्रण आहे. संपल्यावर म्हणाले, "हे कुणाला ऐकवायचं नाय."

"मग माझ्या मशिनपुढं का बोललात?"

"कुठंतरी बोलायला पायजे व्हतं. गप्प बसवतं, पण सगळ्याच जागी नाय बसवत."

मी भडकले. इतकी की माझाच आवाज मला वर्गातला वाटला. म्हटलं, तुमचं नाव मातीत चाललंय. तेरा माणसं गेली. तिकडं तो रावसाहेब मरायला टेकलाय. निदान त्याला तरी एकट्याला सांगा. मामा म्हणाले, "त्याला सांगितलं तर तो गप बसंल का? माझ्यावर जीव हाय त्याचा. गावभर सांगत फिरंल, मामा नाय प्याले, अप्पाला पाजली. दोन दिवसात काकूच्या दारात."

"आणि रावसाहेब मेला म्हणजे?"

त्यांनी घोंगडी उचलून खांद्यावर घेतली. मग म्हणाले, "मी बरोबर केलं का चूक, ते मला इचारू नका. मला म्हाईत असतं तर तुमच्याकडं आलो असतो का?"

मी त्यांचं ऐकणार नव्हते, हे इथं कबूल करते. दोन दिवस खपून मी तो भाग तयार केला. अप्पांचं नाव काढलं, गावाचं काढलं. त्याला शीर्षक दिलं. तरी पडेगावात कुणालाही दोन मिनिटांत कळलं असतं. फक्त बटण दाबायचं राहिलं होतं. आधी अप्पांच्या दहाव्याला जाऊन यावं म्हणून गेले. बंगल्यात बाया बसल्या होत्या. काकू एकेकीला सांगत होत्या, "मुखात तुळस हुती बाई. निर्मळ गेले." त्यांचे पाय पुढं पसरलेले होते. टाचांना इतक्या खोल भेगा होत्या की चपलेनंही त्या भरून आल्या नव्हत्या. मी चहा न घेता परत आले आणि तो भाग पेनड्राइव्हवर घालून कपाटात ठेवून दिला. त्या दिवशी मामांवरचा माझा राग मात्र गेला नाही. उलट वाढला, कारण आता माझ्याही तोंडाला कुलूप लागलं होतं.

पुढं काय झालं ते मला तुकड्या-तुकड्यांत कळलं. मामा दर रविवारी लिंबाखाली जाऊन बसत. एकटे. रोज संध्याकाळी कामावरून येताना रावसाहेबच्या दारात जात. तो आत घ्यायचा नाही. पायरीवर बसत. तो प्यालेला असला की शिव्या द्यायचा. "तुम्ही पिऊन गप बसता, मी पिऊन बोंबलतो, फरक काय?" असं एकदा त्यानं भर गल्लीत विचारलं. मामा म्हणाले, "जेवला का?" गल्ली हसली. कुणी म्हणे नाटकी आहे, कुणी म्हणे दोघं मिळून पितात. दोन घरांनी त्यांना कामावरून काढलं. पिणाऱ्या माणसाला आजाऱ्यापाशी कोण ठेवील? तरी ते बोलले नाहीत. माझ्याकडे मुद्रणाला यायचे आणि पूर्वीसारखेच दोन वाक्यांत थांबत थांबत बोलायचे. मला वाटे, हा माणूस दगड आहे. मग एकदा पाहिलं, एकामागून एक चार कप चहा झाला तरी ते पाचवा मागत होते. मी विचारलं, हल्ली फार ओढ लागते का? म्हणाले, "त्या दिवसापासनं रोज." म्हणजे अप्पांना लावलेल्या त्या बोळ्यानं या माणसाचं सतरा वर्षांचं झोपलेलं पुन्हा जागं केलं होतं, आणि ते त्यांनी त्या सव्वा तासातही सांगितलं नव्हतं.

पावसाळा आला आणि गेला. दिवाळीच्या सुमारास एका रविवारी रावसाहेब लिंबाखाली येऊन बसला. काही बोलला नाही. पुढच्या रविवारीही आला. मग कारकून आला. वर्षभरात आठ-नऊ जण झाले. माझ्या समजुतीनं मामांच्या चिकाटीपुढं रावसाहेबनं हात टेकले होते. तसं मी एका भागात बोललेही. मामा शेजारी बसून नुसते गोधडीकडे बघत होते.

हे सगळं आता लिहिते आहे, कारण काकू गेल्या वर्षी गेल्या. त्यानंतर रावसाहेबला मी खरं काय ते सांगितलं. तो खाली मान घालून ऐकत राहिला. मग एवढंच विचारलं, "मामाला म्हाईत व्हतं ना, मी काय समजून बसलोय ते?" मी म्हटलं, हो. "मग लिहा," तो म्हणाला. त्याला सांगायला मला इतकी वर्षं का लागली, ते मामांच्या आणि माझ्या शेवटच्या भेटीत आहे.

मामांना पोटाचा कॅन्सर झाला. उशिरा कळलं, आणि कळल्यावर त्यांनी दवाखान्यात राहायचं नाकारलं. मी भेटायला गेले तेव्हा सकाळचे दहा वाजले असतील. पडेगावातली तीच खोली, आता वर सिमेंटचं छत. चहूबाजूंनी चार-चार मजले उठलेले, त्यामुळं आत उजेड कमी. मामा भिंतीकडच्या खाटेवर होते, अर्धे उरलेले. शेजारी जमिनीवर रावसाहेब. पुन्हा टँकर चालवू लागला होता, पण सकाळ-संध्याकाळ मामांचं सगळं तोच करत होता. अंग पुसणं, कूस वळवणं, मऊ भात भरवणं. त्याचे ते दांडगे हात इतके हलके चालत होते की मला मान फिरवावी लागली.

मी बरं आहे ना विचारलं नाही. तेवढं शिकले होते. मग रावसाहेब आपणहून म्हणाला, "ताई, तुम्ही तुमच्या त्या पॉडकास्टात म्हनल्या व्हत्या, मामा रोज दारात बसले म्हणून रावसाहेब सुधारला. तसं नाय ते."

"मग कसं?"

"आधी मामा म्हंजी देव. देवाचं बघून माणसाला जमत नसतं. सात महिने मी भ्यालो व्हतो नुसता, ह्यांच्यासारखं आपल्याला कसं व्हणार म्हणून. मग ते रांगेत दिसले. लई राग आला. पण नंतर पायरीवर येऊन बसायचे तवा मनात यायचं, ह्यो बी पडलाय. सतरा वर्सांचा माणूस पडला, सगळ्यांनी थुंकलं, तरी रविवारी जाऊन बसतोय. मग आपण तर सात महिन्यांचे. आपल्याला का नाय जमणार?" तो मामांचे पाय चेपत होता, वर न बघता बोलत होता. "मामा पडले नसते तर मी कवाच उठलो नसतो."

मी तोंड उघडलं. घरी कपाटात सव्वा तास पडून होता. सगळं खरं माझ्या जिभेवर आलं होतं. आता या माणसाचे शेवटचे दिवस आहेत, निदान आता तरी एकाला कळू दे की ते पडले नव्हते. माझी नजर मामांकडे गेली. ते माझ्याकडेच बघत होते. डोळे खोल गेलेले, पण नजर स्वच्छ. मी तोंड मिटलं.

रावसाहेबनं पांघरूण सारखं केलं आणि त्यांच्यावर वाकून, एखाद्या जोडीदाराला विचारावं तसं हळूच विचारलं, "मामा, खरं सांगा. त्या दिवशी पुरी बाटली मारली का?"

मामांना श्वास जमवायला वेळ लागला. त्यांनी रावसाहेबच्या तोंडाकडे पाहिलं, पार नीट पाहिलं. ज्या माणसानं कुणाला धीर द्यायलासुद्धा कधी खोटा शब्द वापरला नव्हता, तो अगदी स्पष्ट म्हणाला, "पुरी."

रावसाहेब समाधानानं हसला. मग त्यानं एक हात मामांच्या खांद्याखाली घातला, दुसरा कमरेखाली, आणि त्यांना अलगद दुसऱ्या कुशीवर वळवलं.